मोत्याची माळ दर पावसाळ्यात वरून सडते? पाणी कमी करून भागत नाही, कुंडी बघा

स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, म्हणजे नर्सरीवाले जिला मोत्याची माळ म्हणतात ती, मटारच्या दाण्यांसारखे हिरवे मणी लोंबणारी, ती माझ्याकडे २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं जुलै संपता संपता मेली. जागा सातारा, शाहूपुरीतला दुसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी. २०२५ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा जगली आणि आता डिसेंबरात नवीन फुटवे आलेत म्हणून लिहायचं धाडस करतोय, नाहीतर या झाडाबद्दल बोललं की दुसऱ्या दिवशी ते मरतं असा माझा अनुभव आहे.

आधी नक्की काय व्हायचं ते सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम तोच आहे का कळेल. माळा खाली लोंबलेल्या असायच्या, टवटवीत, अगदी बघत रहाव्यात अशा, आणि एक दिवस कुंडी उतरवून वरनं बघितली की मधोमध टक्कल, मातीला टेकलेले मणी पिवळे पाणचट, बोट लावलं की फुटून बोटाला चिकटणार, आणि देठ काळपट दोऱ्यासारखा. खालच्या टोकाला याचा पत्ताच नसतो. मण्यात पाणी साठवलेलं असतं ना, त्यामुळं वर मूळ सडून गेलं तरी खालचं टोक पंधरा पंधरा दिवस आपल्याला फसवत हिरवं राहतं. म्हणून पहिली गोष्ट, ही कुंडी डोक्याच्या वर टांगली असेल तर आठवड्यातनं एकदा खाली काढून वरनं बघायचीच. मी तीन वर्षं फक्त खालनं बघत होतो.

पहिल्या वर्षी दोष सरळ तात्यांवर ढकलला. आमचे तात्या सकाळी पूजा झाली की तांब्यात उरलेलं पाणी ज्या कुंडीची दया येईल तिच्यात ओततात आणि या लोंबत्या झाडाची त्यांना विशेष दया यायची, "बिचारं टांगून ठेवलंय, त्याला कोण बघणार" म्हणून. त्यात आई तांदूळ धुतलेलं पाणीही तिथंच. मग काय, जुलैत रोज तांब्याभर पाणी म्हणजे सडणारच, असं म्हणून मी विषय संपवला, दीडशे रुपये देऊन दुसरी आणली आणि तात्यांना ताकीद दिली.

दुसऱ्या वर्षी जूनच्या दहा तारखेला शेवटचं पाणी आणि नंतर थेंबसुद्धा नाही. जुलैच्या शेवटी परत तेच, वरनं टक्कल, काळा दोरा. आता मात्र डोकं फिरलं कारण पाणीच दिलं नव्हतं तर सडलं कशानं? सगळीकडं एकच उत्तर मिळतं, पाणी जास्त झालं, पाणी कमी करा. अहो शून्याच्या खाली कुठं जाऊ मी?

तिसऱ्या वर्षी मग शहाणपणा करून निम्मी नदीची बारीक वाळू मिसळली. वाळू म्हणजे निचरा हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण बारीक वाळू आणि बारीक माती एकत्र आली की सिमेंटसारखी बसते, मधल्या सगळ्या फटी वाळू भरून टाकते, पाणी वर तळं करून बसतं. याच वर्षी आणखी एक प्रकार झाला, मणी पिवळे न पडता सुरकुतले, मनुक्यासारखे. मला वाटलं तहान लागली, घाल पाणी. घातलं, आणखी सुरकुतले. आणखी घातलं.

तेवढ्यात तासगावचे दाजी आले होते एका लग्नाला. त्यांची द्राक्षबाग आहे, आयुष्य मण्यांकडं बघण्यात गेलेलं, बाल्कनीत चहा पिता पिता त्यांनी कुंडीकडं बघितलं आणि विचारलं, "पांढरी मुळी चालू आहे का बघितलंस का?" मी म्हटलं दाजी, शोभेचं झाड आहे हे. ते म्हणाले, "झाड कुठलंही असू दे, मणी नरम आणि माती ओली म्हणजे मुळी गेली. पाणी ओतून काय उपयोग, प्यायला तोंडच नाही त्याला." आणि सरळ कुंडी उलटी केली की हो माझी. खाली मुळं म्हणजे तपकिरी केस, पांढरी मुळी एक नाही, आणि त्यात कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके, पिठ्या ढेकूण, ज्याला आपण मिलीबग म्हणतो. कुंडीच्या कडेनं मुंग्यांची रांग मला महिनाभर दिसत होती आणि मी ती खडूची रेघ मारून अडवत होतो. दाजींच्या हिशेबात मुंग्या दिसल्या की आधी मिलीबग शोधायचा, कारण तो जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, इकडनं तिकडं नेतात सुद्धा.

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून परत सांगतो. सुरकुतलेले मणी दोन कारणांनी होतात आणि दिसायला दोन्ही डिट्टो सारखे. माती कोरडी आणि मणी सुरकुतले, तर तहान, पाणी द्या, दोन तीन दिवसात मणी परत गोल होतात. माती ओली आणि मणी सुरकुतले, तर मुळं गेली, पाणी दिलं तर उरलीसुरली पण जाणार. वरनं बोट लावून कळत नाही कारण वरचा अर्धा इंच लवकर सुकतो. अगरबत्तीची जळून उरलेली काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा, काढून ओठाला लावा. गार लागली की ओल आहे. विकत मिळणारं ते दोन दांड्यांचं मीटर मी आणलं होतं, जाडसर खड्यांच्या मिश्रणात ते वाटेल ते आकडे दाखवतं, पैसे वाया.

पाण्यावर मी एवढा अडकलो होतो की झाड मूळचं कसं रहातं हे बघितलंच नव्हतं. हे दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातलं, ईस्टर्न केपकडचं, आणि गंमत म्हणजे तिथं ते लोंबत नाही, जमिनीवर सरपटतं. झुडपाच्या नाहीतर दगडाच्या आडोशाला सतरंजीसारखं पसरतं आणि देठ जिथं जमिनीला टेकेल तिथं मुळं सोडतं. मुळं वरच्या वर, इंच दोन इंच. लोंबवणं ही आपली हौस. नाव पूर्वी सेनेसिओ रोलेयानस होतं, आता क्युरिओ रोलेयानस म्हणतात, गॉर्डन रोली नावाच्या ब्रिटिश वनस्पतीतज्ज्ञांच्या नावावरनं, आणि कुळ आपल्या झेंडू शेवंतीचं, हे वाचून मला फार मजा वाटली.

आता मुळं दोन इंच आणि नर्सरीची कुंडी आठ इंच खोल. खालचे सहा इंच कोण पिणार? कोणीच नाही. ते नुसतं ओलं बसून राहतं आणि ती ओल हळूहळू वर येत रहाते. जून, जुलैमध्ये साताऱ्यात ऊन नसतं, यवतेश्वरच्या बाजूनं ढग उतरलेले, हवा दमट, टॉवेल चार दिवस वाळत नाही तिथं सहा इंच कोकोपीट, म्हणजे नर्सरीवाले कुंडीत भरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, काय वाळणार. दुसऱ्या वर्षी जूनच्या दहा तारखेचं ते शेवटचं पाणी जुलै संपेपर्यंत कुंडीत तसंच होतं, वर पश्चिमेची झड बाल्कनीत येऊन रोज थोडं थोडं भर घालत होती ते वेगळंच. मला खात्री करायची होती म्हणून गेल्या जुलैत स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन कुंड्या झाडाशिवाय, नुसतं मिश्रण भरून तोलल्या. नर्सरीवाली आठ इंची प्लास्टिकची, भिजवून निथळल्यावर ३ किलो १०० ग्रॅम भरली, एकोणिसाव्या दिवशी २ किलो ६००, अजून काडी गारच. आणि मातीचं उथळ परळ, भिजवून १ किलो ४५०, पाचव्या दिवशी १ किलो २१० आणि पुढं वजन हललंच नाही, म्हणजे कोरडं ठाक. दोन्ही एकाच बाल्कनीत, झड लागणार नाही अशा कोपऱ्यात. बायको म्हणाली काट्यावर आता कणीक मोजायची का चिखल, पण या दोन आकड्यांनी तीन वर्षांचं कोडं सुटलं.

तर उपाय कुंडीपासनं सुरू होतो. कुंभाराकडं मिळतं ते परळ घ्या, पसरट, भाजलेल्या मातीचं, तीन इंचापेक्षा खोल नको. नवरात्राच्या आसपास भरपूर मिळतात. त्याला भोक नसतं, ते आपल्याला पाडायचंय, परळ रात्रभर पाण्यात भिजवा, उलटं करून पोत्यावर ठेवा, ड्रिलला भिंतीचा बिट लावा पण हॅमर मोड बंद, हळू हळू, मधे मधे पाण्याचा शिपका. मी पहिली दोन परळं घाई करून फोडली. तीन चार भोकं पाडा. तळाला खडी किंवा खापराचा थर द्यायचा ही जुनी पद्धत मी सोडली, त्यानं निचरा वाढत नाही उलट ओल थर सुरू होतो तिथं अडून वरच राहते, नुसता जाळीचा तुकडा भोकावर ठेवायचा. रंगवलेली, ऑइलपेंट मारलेली कुंडी नको, मातीच्या अंगातनं पाणी बाहेर उडायला पाहिजे, त्यासाठीच तर माती घेतोय.

मिश्रणाला महागाचं पर्लाइट, म्हणजे ते हलके पांढरे खडे, लागतंच असं नाही. मी घेतो एक भाग चाळलेलं कंपोस्ट आणि पोयट्याची माती मिळून, एक भाग विटांचे तुकडे, एक भाग मुरूम. विटा आणि मुरूम कुटून गव्हाच्या चाळणीनं चाळायचं आणि खाली पडलेली भुकटी टाकून द्यायची, वर जे राहील तेवढंच घ्यायचं, हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा. मुरूम धुऊन घ्या, त्यातली माती गेली पाहिजे. सगळा खेळ त्या भुकटीचा आहे, भुकटी राहिली की फटी बुजल्या. चाळणी वेगळी आणा, हे अनुभवानं सांगतोय. आणि शेतातली काळी माती कितीही कसदार असली तरी यात नको, विशेषतः सांगली मिरजेकडच्या लोकांना सांगतो, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडून मुळं तोडते, उसाला सोनं आहे पण या झाडाला फास.

नर्सरीतनं आणलेलं रोप तसंच्या तसं परळात बसवायचं नाही. मुळाभोवती कोकोपीटचा गोळा असतो, कधी कधी तर त्याला बारीक जाळीची पिशवी घातलेली असते, मी दुसऱ्या वर्षीचं मेलेलं झाड उपसलं तेव्हा ती पिशवी तशीच निघाली आणि पिळली तर पाणी. बाहेर कितीही चांगलं मिश्रण असू दे, मधला गोळा ओलाच. तो बोटांनी मोकळा करून झटकून टाका, थोडी मुळं तुटतात, तुटू द्या, दोन दिवस सावलीत सुकवून मग लावा आणि आठवडाभर पाणी नाही.

आता ज्यांच्याकडं आज, आत्ता वरनं सडायला लागलीये त्यांनी हे सगळं वाचत न बसता कात्री घ्या. स्पिरिटनं पुसा. काळा भाग जिथं संपतो त्याच्याही दोन बोटं खाली, जिथं देठ आतनं हिरवा दिसतो तिथं कापा. आतमध्ये तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली. चार चार इंचाचे तुकडे करा, एक दोन दिवस वर्तमानपत्रावर सुकू द्या, मग नवीन मिश्रणावर नुसते आडवे ठेवा, पुरायचे नाहीत, दोऱ्याचं अंग खड्यांना टेकलं पाहिजे एवढंच. तारेच्या आकड्यांनी दाबून ठेवता येतात, बायकोच्या केसांच्या पिना झकास बसतात, गंजतात पण बसतात. दर दोन तीन दिवसांनी फवाऱ्यानं हलकंसं ओलं करायचं, थंडीत साधारण तीन आठवड्यात मुळं धरतात, पावसाळ्यात जास्त वेळ आणि निम्मे जातात. जुनं मिश्रण परत वापरू नका. कापलेल्या तोंडाला हळद लावतात, मीही लावली, नुकसान नाही, पण हळद लावून सडका देठ जोडून येत नाही, मग ती सांगलीची अस्सल असली तरी.

मिलीबग असेल तर वरच्या अंगाला स्पिरिटात बुडवलेल्या कापसाच्या काडीनं एक एक टिपायचा, दर पाच सहा दिवसांनी, तीन चार वेळा, कारण अंडी राहतात. मुळात असेल तर मुळं नळाखाली धुवायची, मिश्रण पिशवीत बांधून कचऱ्यात, दुसऱ्या कुंडीत नाही. कडुनिंबाचं तेल आणि साबण मारणारे असतात, मी एकदा मारलं आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, अर्धे मणी भाजून निघाले. मारायचंच तर संध्याकाळी आणि आधी एका माळेवर ट्रायल.

उजेडाचं राहिलं. टांगलेली कुंडी स्लॅबला चिकटून असते, त्यामुळं लोंबणाऱ्या माळांना उजेड आणि डोक्याला अंधार, आणि वरनं टक्कल पडायचं हे दुसरं कारण. झाडाचं डोकं उजेडात पाहिजे. मण्यांमधलं अंतर वाढायला लागलं, दोरा लांब आणि मणी बारके, की समजायचं उजेड कमी पडतोय. प्रत्येक मण्यावर एक गडद पारदर्शक रेघ असते बघा, ती त्याची खिडकी, त्यातनं उजेड मण्याच्या आतपर्यंत जातो. मी परळ टांगायचं सोडून पूर्वेच्या खिडकीत स्टुलावर ठेवलं, सकाळचं दोन तीन तास ऊन, दुपारचं नाही. जुलै ऑगस्टला ऊन नसतं तेव्हा वर फूटभर अंतरावर साधी एलईडी ट्यूब दहा बारा तास, आणि दुपारी तासभर टेबलफॅन. फॅनचं हसू येईल पण साताऱ्याच्या पावसाळ्यात हवा हलती ठेवणं पाणी तोडण्याइतकंच कामाचं आहे. लांब झालेल्या माळा परत उचलून परळावरच गोल वेटोळं करून ठेवल्या की तिथं मुळं धरतात आणि टक्कल आपोआप भरतं, आमच्या परळात तीन महिन्यात भरलं.

पाणी किती दिवसांनी, याला उत्तर नाही, काडी सांगेल. तरी माझा अंदाज, थंडीत बारा पंधरा दिवसांनी भरपूर, खालनं निथळेपर्यंत, घोट घोट नाही. पावसाळ्यात काडी पूर्ण कोरडी आणि मणी किंचित दबले तरच. मे महिना मात्र फसवा. आपल्याला वाटतं उन्हाळा आहे पाणी वाढवा, पण हे झाड दिवसा तोंड मिटून घेतं आणि गार रात्री श्वास घेतं, मे मधल्या उकाड्याच्या रात्री ते जवळजवळ झोपलेलं असतं, वाढ नाही म्हणजे पिणंही कमी. संध्याकाळी थोडं, आठवड्यातनं एकदा, आणि कडक उन्हातनं बाजूला.

एक सवय लावून घ्या, मे संपायच्या आत चार तुकडे कापून दुसऱ्या छोट्या परळात लावून ठेवायचे, आणि ते परळ दुसऱ्या घरी ठेवायचं. माझं एक परळ तासगावला ताईकडं आहे, तिकडं पाऊस कमी, ऊन जास्त, माझ्यापेक्षा जोरात वाढलंय आणि दाजी फोनवर त्याची पांढरी मुळी सांगत बसतात.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी स्ट्रिंग ऑफ बनाना लावा, केळ्यासारखे मणी असतात, याच कुळातली पण फार सोशिक. किंवा स्ट्रिंग ऑफ हार्ट्स, बदामी पानांची, तिला दोऱ्यावर छोटे कंद येतात आणि महिनाभर पाणी विसरलात तरी ती कंदावर काढते. ती सेरोपेजिया, म्हणजे आपल्या साताऱ्याजवळच्या कास पठारावर जे कंदीलपुष्प दिसतं त्याची सख्खी जातवाली, फूल बघितलं की लगेच कळतं, तोच कंदिलाचा आकार. यावरनं आठवलं, कासच्या पठारावरचा जांभ्याचा खडा यात छान चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, म्हणजे चालेल हो, पण तिथनं काही उचलायचं नाही, ते २०१२ पासनं जागतिक वारशात आहे आणि तसं नसतं तरी उचलायचं नाही. मुरूम साध्या बांधकामावर मिळतो. आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर सगळं त्यांच्या हाताबाहेर, मटार समजून तोंडात घालतात, आणि हे विषारी आहे, चीकही काहींच्या अंगाला खाजतो.

तात्यांचा तांब्या बंद करता आला नाही. शेवटी परळाशेजारी एक पुदिन्याची कुंडी ठेवली आणि त्यांना सांगितलं की हिला रोज लागतं. आता पुदिना एवढा माजलाय की शेजारी नेतात.